सेमारांगला तीन रात्री आहेत? आधी दिशा ठरवा, मग ठिकाणं

तुम्ही जूनमध्ये जकार्ताहून योग्यकार्ताला जाताना वाटेत सेमारांगला तीन रात्री थांबणार आहात. सोबत आई-बाबा आहेत. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत, आईंचे गुडघे दुखतात आणि त्या शुद्ध शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही. तुमच्या यादीत चौदा ठिकाणं आहेत आणि बोरोबुदुरच्या बौद्ध स्तूपापुढे 'सेमारांगहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत' असं लिहिलंय. यातलं काय ठेवू आणि काय गाळू, हा तुमचा प्रश्न.

जावात मराठी पर्यटकांचे छोटे गट फिरवणं हे माझं रोजचं काम. त्यात सेमारांग माझ्या फार जवळचं शहर आहे. बहुतेक लोक एक रात्र झोपून पुढे निघून जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून उत्तर जरा लांबेल.

यादी वाचल्यावर मला चौदा हा आकडा खटकला नाही. खटकलं ते हे, की ही ठिकाणं तीन वेगवेगळ्या दिशांना आहेत आणि तुम्ही ती एकाच दिवसात मिसळली आहेत. एक दिशा म्हणजे शहर आणि त्याचा जुना बंदरभाग. दुसरी पूर्वेकडची सपाट किनारपट्टी, देमाक आणि कुदुस. तिसरी दक्षिणेकडचा डोंगर, म्हणजे गेदोंग सोंगोची मंदिरं आणि अंबारावाचं रेल्वे संग्रहालय. सकाळी कुदुस आणि दुपारी गेदोंग सोंगो असं केलंत तर आई-बाबांचा दिवस गाडीतच जाईल. एका दिवसाला एक दिशा, एवढा नियम पाळलात तरी निम्मी यादी आपोआप जागेवर बसते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमचा शनिवार-रविवार कुठल्या दिवशी येतो, आईंना पायऱ्या किती झेपतात आणि त्या आठवड्यात समुद्राला मोठी भरती आहे का, या तीन गोष्टींनी क्रम बदलू शकतो. तिसरी गोष्ट भारतातून येणाऱ्यांच्या कधीच लक्षात येत नाही. जून म्हणजे इथे कोरडा मोसम, पाऊस फारसा नाही, मग रस्त्यावर पाणी कुठून येणार असं वाटतं. पण सेमारांगच्या उत्तर भागात भरतीचं पाणी शहरात शिरतं. लोक त्याला 'रोब' म्हणतात, आणि मे-जूनमधल्या उधाणाच्या भरत्या त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. 23 मे 2022 रोजी तांजुंग एमास बंदराजवळचा बांध फुटला आणि आसपासच्या कारखान्यांत, वस्त्यांत कमरेइतकं पाणी भरलं, ते पावसाचं नव्हे, भरतीचं होतं.

हे पाणी का येतं ते कळलं की शहरच कळतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. आजचं बंदर शहराच्या उत्तर टोकाला आहे. पंधराव्या शतकात मात्र किनारा बराच आत, सिमोंगानच्या टेकडीच्या पायथ्याशी होता. डोंगरातून येणाऱ्या नद्या गाळ आणत राहिल्या, किनारा उत्तरेला सरकत गेला आणि त्या नव्या जमिनीवर एकेक वस्ती उठली. आधी जावानी आणि चिनी, मग मलय, भारतीय किनाऱ्यावरून आलेले मुसलमान व्यापारी, आणि डच. माताराम या जावानी राज्याच्या राजाने गादीच्या लढाईत डच ईस्ट इंडिया कंपनीची मदत घेतली आणि 1678 मध्ये बदल्यात हे बंदर देऊ केलं. 1705 च्या तहाने ते कंपनीकडे कायमचं गेलं. ज्या मऊ गाळावर हे सगळं उभं राहिलं तोच गाळ आता दबतो आहे. वर इमारतींचं ओझं आणि खालून विहिरींनी उपसलेलं पाणी, यामुळे उत्तर भागात काही ठिकाणी जमीन वर्षाला 10 सेंटीमीटरच्या आसपास खचल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे इथे दक्षिणेच्या टेकडीपासून उत्तरेच्या बंदरापर्यंत येणं म्हणजे किनारा जसजसा सरकला त्याच वाटेने चालणं. मी शहर दाखवतो ते याच क्रमाने.

सुरुवात साम पू कोंगपासून करा, सकाळी उघडताच. मिंग दरबाराचा दर्यासारंग झेंग ह याच्या ताफ्यातला वांग जिंगहोंग आजारी पडला, त्याला इथे उतरवलं आणि पुढे तो इथेच राहिला, अशी आख्यायिका आहे. झेंग ह स्वतः मुसलमान, त्याची पूजा करतात चिनी देवळात, आणि नवस बोलायला जावानी लोकही येतात. लाल छपरांच्या मोठ्या इमारती बऱ्याच अलीकडच्या आहेत. झेंग हच्या पहिल्या सफरीला 2005 मध्ये 600 वर्षं झाली त्या सुमारास हा परिसर मोठ्या प्रमाणावर पुन्हा उभारला गेला. म्हणून फक्त इमारती पाहून परतू नका. आवारात एका जुन्या नांगराची जागा आहे, त्याला 'क्याई जांकार' म्हणून हार-धूप वाहतात. समुद्रापासून इतक्या आत, टेकडीच्या पायथ्याशी जहाजाचा नांगर पूजेला का, हा प्रश्न बाबांना तिथेच उभं राहून विचारा. किनारा कुठे होता ते मग वेगळं सांगावं लागत नाही. आवार सपाट आहे, आईंना त्रास होणार नाही. पूजेच्या भागात जायचं वेगळं तिकीट असतं, ते घ्या.

तिथून चिनी वस्तीत, गांग लोंबोकच्या ताय काक सी मंदिरात या. वेळ कमी पडला आणि दोन्हींपैकी एकच निवडायचं झालं तर मी हेच निवडेन. हे देऊळ अठराव्या शतकातलं आणि आजही नेमाच्या भाविकांचं आहे. ओढ्याकाठी अरुंद गल्ली, समोर छोटं पटांगण, आत उदबत्त्यांच्या धुराने काळवंडलेल्या तुळया. चांद्र सहाव्या महिन्याच्या शेवटी इथून साम पू कोंगपर्यंत देवाची मिरवणूक निघते. जवळच गांग बारूचा सकाळचा बाजार भरतो. त्यात मासे आणि डुकराचं मांस उघड्यावर असतं, आईंना नको वाटेल, तेव्हा त्या देवळाच्या पटांगणात बसल्या तरी चालेल.

चिनी वस्तीला लागूनच पेकोजान. गुजरात आणि पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांना इथे कोजा म्हणत, त्यांची ही वस्ती. इथल्या जामे मशिदीत रमजानमध्ये उपास सोडायला 'बुबुर इंडिया' वाटतात. तांदळाची ही मसाल्याची पेज मोठ्या पातेल्यांत शिजते आणि येईल त्याला वाटली जाते. जूनमध्ये रमजान नाही, त्यामुळे ती चाखायला मिळणार नाही. पण दोन-तीन गल्ल्यांच्या अंतरावर चिनी देऊळ, कोजांची मशीद आणि पुढे डच चर्च हे चालत पाहायला मिळतं. बंदराचं शहर म्हणजे काय ते इथे पुस्तकाशिवाय समजतं.

बंदराकडे थोडं आणखी उत्तरेला लायूर मशीद आहे, 1802 ची, मलय वस्तीतली. तुमच्या यादीत ती नाही, मी मुद्दाम घालतो. ही मशीद मुळात दोन मजली. रस्ता पाण्याच्या वर ठेवायला भराव घालत गेले, आणि खालचा मजला त्या भरावाखाली गेला. आज आपण आत जातो तो खरा तर वरचा मजला. आजूबाजूच्या जुन्या घरांकडे नीट पाहा: कुठे उंबरठा रस्त्याच्या खाली गेलाय, कुठे खिडकीचा खालचा चौकट-पट्टा जमिनीला टेकलाय, दारातून वाकून आत जावं लागतं. खचणं म्हणजे काय हे आकड्यांतून कळत नाही, त्या उंबरठ्यावरून कळतं. मोठी भरती असेल त्या दिवशी मात्र इथे पायी जाऊ नका. आईंना घेऊन तर नाहीच.

आता कोटा लामा, म्हणजे डचांचं जुनं शहर. इथे माझा आग्रह एकच आहे. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतर. मधल्या वेळात दमट उकाडा असा असतो की चाळिशीतली माणसंही बाक शोधतात. ब्लेंदुक चर्च 1753 चं, अष्टकोनी, आणि आज दिसणारा तांब्याच्या पत्र्याचा घुमट आणि दोन मनोरे 1894 च्या दुरुस्तीतले. रविवारी सकाळी उपासना चालू असते तेव्हा आत जायचा आग्रह धरू नका, बाहेरच्या स्रिगुंटिंग बागेत सावलीला बसा. समोरची विम्याच्या कंपनीची इमारत थॉमस कार्स्टेनची. याच वास्तुविशारदाने 1930 च्या दशकात जोहार बाजार बांधला. त्याचे खांब वर जाऊन छत्रीसारखे फाकतात, मधून हवा आणि उजेड खेळतो. 2015 मध्ये बाजार आगीत जळाला, पण खांब उभे राहिले, आणि 2022 च्या सुरुवातीला तो दुरुस्त होऊन पुन्हा उघडला. कोटा लामापासून जवळ आहे, बाजार करायचा नसला तरी दहा मिनिटं आत जाऊन वर पाहा.

कोटा लामातल्या त्रिमितीय चित्रांच्या आणि फोटोच्या दालनांसाठी तुम्ही तीन तास ठेवलेत, ते सरळ काढून टाका.

बाबांसाठी दोन गोष्टी राखून ठेवा. पहिली तावांग स्टेशन. 1914 चं हे स्टेशन आजही चालू आहे, आणि बहुधा तुम्ही इथेच उतराल. समोर मोठं तळं दिसेल, ते शोभेचं नाही. आसपासचं पाणी त्यात उतरतं आणि पंपांनी ते बाहेर काढलं जातं. पंप बंद पडले तर स्टेशनच पाण्यात जाईल. जकार्ताहून येताना डाव्या खिडकीची जागा घ्या. पेकालोंगान सोडल्यावर बातांग जिल्ह्यात प्लाबुआन स्टेशनाजवळ रूळ अगदी समुद्राला खेटून जातात, लाटा फलाटाच्या उंचीवरून दिसतात. तिकीट काढताना तावांग की पोंचोल तेही पाहा. शहरात दोन मुख्य स्टेशनं आहेत आणि स्वस्त गाड्या बऱ्याचदा पोंचोलला थांबतात.

दुसरी गोष्ट लावांग सेवू. इंडोनेशियातली पहिली रेल्वे याच शहरातून निघाली, सेमारांग ते तांगुंग, सुमारे 25 किलोमीटर, 10 ऑगस्ट 1867. आपली बोरीबंदर-ठाणे 1853 ची, म्हणजे चौदा वर्षांचंच अंतर. ज्या खासगी कंपनीने ती बांधली तिचं हे मुख्यालय, क्लिंकहामर आणि ओएंदाख या डच वास्तुविशारदांचं, मुख्य इमारत 1904 ते 1907 मध्ये बांधलेली. नावाचा अर्थ हजार दारं. तितकी ती नाहीत, पण मोजायला गेलात तर शेकड्यांत जाल. दारं इतकी का, तर खिडक्यांऐवजी उंच दारंच ठेवली, बाहेर रुंद व्हरांडा फिरवला, आणि तळघरात पाणी साठवून वरची जमीन थंड राखली. पंखा नसताना उष्ण कटिबंधात कारकुनांनी दिवसभर काम कसं करायचं, याचं हे उत्तर आहे. दुपारी बाहेरून आत पाऊल टाकलं की ते अंगाला जाणवतं. मधल्या जिन्यावर रंगीत काचांची मोठी खिडकी आहे, हॉलंडमध्ये योहानेस स्खौतेनच्या कार्यशाळेत घडवलेली. जावाची झाडं-पानं, बंदरांची शहरं आणि रेल्वेचं चाक, कंपनीला स्वतःबद्दल काय वाटत होतं ते सगळं त्या एका खिडकीत आहे. बाहेर ऊन असेल तेव्हाच ती बोलते.

लोक इथे रात्री भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला येतात. तुमच्याही यादीत 'रात्रीची भेट' आहे. मी कुणालाही त्यासाठी नेत नाही. जपान्यांनी तळघराचा तुरुंग केला होता, आणि ऑक्टोबर 1945 मध्ये पाच दिवस चाललेल्या लढाईत रेल्वेतली तरुण मुलं या परिसरात जपानी सैन्याशी लढून मेली. समोरच्या चौकातला तुगू मुदा हा स्तंभ त्यांच्यासाठी आहे, 1953 मध्ये सुकार्नोंनी त्याचं उद्घाटन केलं. त्या जागी किंचाळायला जाण्यापेक्षा सकाळी दोन मिनिटं शांत उभं राहावं असं मला वाटतं.

हे सगळं शहर एका पूर्ण दिवसात आणि येण्याच्या संध्याकाळी मिळून आरामात होतं, दुपारी बारा ते साडेतीन खोलीवर विश्रांती धरून. ती विश्रांती गाळू नका. आई-बाबांच्या वयाची मंडळी दुसऱ्या दिवशी आजारी पडतात ती याच चुकवलेल्या दुपारींमुळे.

आता बोरोबुदुर. सेमारांगहून जाऊन-येऊन करू नका. एका बाजूचं अंतर 90 किलोमीटरच्या आसपास, रस्ता मोकळा असला तरी दोन-अडीच तास. परतीच्या वेळी मागेलांग आणि अंबारावाच्या भागात ट्रकांची रांग लागली की संध्याकाळ संपली. तांजुंग एमासला क्रूझवरून एका दिवसासाठी उतरणाऱ्यांना दुसरा पर्याय नसतो, ते असं करतात. तुम्हाला त्याची गरज नाही, कारण तुम्ही पुढे योग्यकार्तालाच चालला आहात आणि बोरोबुदुर त्याच वाटेवर आहे. सेमारांग-अंबारावा-मागेलांग-योग्यकार्ता हा जुना डोंगरातला रेल्वेमार्ग केव्हाच बंद झालाय. आगगाडीने जायचं तर सोलोवरून वळसा पडतो. म्हणजे दक्षिणेला गाडी करून जाणंच सोयीचं. मग सामान डिकीत टाका, दक्षिणेची सगळी ठिकाणं निघायच्या दिवशी करा, योग्यकार्तातली एक रात्र कमी करून ती बोरोबुदुर गावात घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताजेतवाने होऊन स्तूप पाहा. तुमचा एक अख्खा दिवस वाचतो.

बोरोबुदुरला दोन प्रकारची तिकिटं असतात. साध्या तिकिटावर पायथ्याच्या अंगणापर्यंतच जाता येतं. वर चढायचं तिकीट वेगळं, ठरलेल्या वेळेचं, गाइडसोबत, आणि दिवसाला ठरावीक लोकांनाच. दगड झिजू नयेत म्हणून 'उपानत' नावाच्या विणलेल्या चपला देतात, त्याच घालून वर जायचं. सोमवारी वर सोडतात का ते आधी पाहा. सज्जांतली शिल्पं खालून दिसत नाहीत, म्हणून चढण्याचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. पायऱ्या उंच आणि खड्या आहेत. आईंनी पहिल्या सज्जापर्यंतच जावं, बुद्धचरित्राची सर्वांत सुंदर शिल्पं तिथेच आहेत, वरच्या स्तूपांपर्यंत न गेल्याने फार काही हुकत नाही.

त्याच निघण्याच्या दिवशी सकाळी सहाला सेमारांग सोडून आधी गेदोंग सोंगो गाठा. उंगारान डोंगराच्या उतारावर सुमारे 1200 मीटर उंचीवर ही शैव मंदिरं आहेत, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास बांधलेली, एका वाटेवर पाच ठिकाणी विखुरलेली. पहिला गट फाटकापासून जवळ आहे. पुढच्या गटांना वाट चढते. घोडेवाले असतात, आईंना बसायची भीती नसेल तर तिसऱ्या गटापर्यंत घोड्यावर न्या. मी तिसऱ्याचा आग्रह धरतो कारण तिथल्या मुख्य मंदिराच्या कोनाड्यांत मूर्ती अजून जागेवर आहेत: एका बाजूला महिषासुरमर्दिनी, दुसऱ्या बाजूला दाढीवाला अगस्त्य, मागच्या भिंतीत गणपती, आणि दाराशी नंदीश्वर व महाकाल. आपल्याकडच्या शिवमंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरची देवकोष्ठं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा मांडणीचा क्रम लगेच ओळखू येतो. अगस्त्याला इतका मान मात्र आपल्याकडे क्वचित दिसतो. जावात तो शिवाचा गुरुरूप म्हणून दक्षिणेला नेहमीच असतो. पुढे एका घळीत जमिनीतून गंधकाची वाफ निघते, दम्याचा त्रास असेल त्याने तिथे रेंगाळू नये. सकाळी मेर्बाबू, सुंबिंग आणि सिंदोरो हे डोंगर आणि खाली रावा पेनिंगचं सरोवर दिसतं. अकरानंतर ढग वर चढतात आणि हे सगळं पुसलं जातं. म्हणून सहाला निघायचं.

तिथून उतरलात की अंबारावा. बाबांसाठी हेच सहलीचं शिखर ठरेल. 1873 मध्ये इथल्या विलेम पहिला या किल्ल्यातल्या फौजेसाठी रेल्वे आली. स्टेशनचं नावही किल्ल्याचंच. 1976 मध्ये त्याचं संग्रहालय झालं, वीसेक वाफेची इंजिनं तिथे उभी आहेत. बाबांना फलाटाच्या दोन्ही बाजू नीट पाहायला सांगा. केदुंगजातीकडून येणारी लाइन 1435 मिलिमीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेली होती आणि मागेलांगकडे जाणारी 1067 ची. म्हणजे इथे प्रत्येक प्रवासी आणि प्रत्येक पोतं एका गाडीतून उतरवून पलीकडच्या गाडीत चढवावं लागे, आणि स्टेशनच्या दोन बाजू दोन मापांच्या गाड्यांसाठी बांधल्यात हे आजही दिसतं. मनमाडला किंवा मिरजेला गेज बदलताना पाहिलेल्या माणसाला यावर अर्धा तास बोलता येईल, त्यांना बोलू द्या.

शनिवार-रविवारी इथून तुंतांगपर्यंत पर्यटकांसाठी गाडी सुटते, भातशेतं आणि रावा पेनिंगच्या काठाने जाऊन येते, तासाभराचा फेरा. तिकिटं लवकर संपतात, संग्रहालयात पोचल्याबरोबर आधी खिडकीवर जा. दुसरी, बेदोनोकडची डोंगरातली लाइन आणखी खास. जांबू स्टेशनच्या पुढे चढ इतका, की दोन रुळांच्या मधोमध दातेरी रूळ टाकलाय आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकून गाडीला वर ढकलतं. आपल्या निलगिरीच्या गाडीत ही व्यवस्था आहे, माथेरानच्या गाडीत नाही. ही फेरी सहसा आधी ठरवून, गटाने भाड्याने घेतली तरच निघते, त्यामुळे तुमच्यासारख्या छोट्या कुटुंबाने तिच्यावर बेत आखू नये.

पूर्वेची दिशा, देमाक आणि कुदुस, यादीत तुम्ही शेवटी आणि 'वेळ उरल्यास' अशी लिहिलीत. मी तिला अख्खी सकाळ देईन. देमाक सुमारे 25 किलोमीटर, कुदुस 50 च्या आसपास. देमाकची मोठी मशीद पंधराव्या शतकातल्या पहिल्या जावानी सल्तनतीची. तिला घुमट नाही. एकावर एक तीन उतरती छपरं आहेत, आणि ती चार मोठ्या खांबांवर तोललेली. त्यातला एक खांब एकसंध लाकडाचा नसून तासून उरलेल्या ढलप्या एकत्र बांधून केलेला, आणि तो सुनान कालिजागा या मुसलमान संताने एका रात्रीत केला असं भाविक सांगतात. जुन्या खांबांचे अवशेष आवारातल्या संग्रहालयात जवळून पाहता येतात. अंगभर कपडे, डोक्यावर ओढणी, आणि नमाजाची वेळ टाळणं एवढं पाळलं की कुणी अडवत नाही. शुक्रवारी दुपारी मात्र जाऊ नका.

कुदुसचा मनोरा पाहिल्यावर आई थबकतील. मशिदीची बांग देण्याची जागा, पण रूप मात्र लाल विटांच्या हिंदू-जावानी देवळाचं. पायऱ्या, चौथरा, कोनाडे, वर उतरतं छप्पर, आणि विटांच्या भिंतीत बसवलेल्या चित्रित चिनी ताटल्या. मशिदीवरच्या शिलालेखात हिजरी 956, म्हणजे इ.स. 1549. आवारात दुभंगलेल्या दारांच्या वेशी आहेत, बालीत असतात तशा. सुनान कुदुस या संतांनी इथल्या हिंदूंच्या भावना राखायला गाय कापू नका असं सांगितलं, असं परंपरा मानते, आणि आजही कुदुसच्या जुन्या खानावळींत सूपात म्हशीचं मांस असतं, गाईचं नाही. पाचशे वर्षं एखादं शहर शेजाऱ्याचा असा मान राखतं, हे पाहायला 50 किलोमीटर जाणं मला फार वाटत नाही. देमाकच्या वाटेवर सायुंगजवळ रस्ता भरतीत पाण्याखाली जातो. त्या दिवशीची भरतीची वेळ हॉटेलात किंवा ड्रायव्हरला विचारा, आणि पाणी असेल तर शहराचा दिवस आणि पूर्वेचा दिवस यांची अदलाबदल करा.

जेवणाचं. आईंसाठी खरी अडचण मांसाची नाही, ती दिसतं आणि टाळता येतं. अडचण 'तेरासी'ची, म्हणजे कोळंबीच्या आंबवलेल्या गोळ्याची, जो चटणीत आणि फोडणीत दडलेला असतो, आणि 'पेतिस'ची, जी कोळंबीचीच काळी दाट चटणी. ताहू गिंबाल नावात टोफू असला तरी त्यात कोळंबीची भजी असतात. प्रसिद्ध सेमारांग लुंपिया बांबूच्या कोंबांची, पण सारणात अंडं आणि कोळंबी किंवा कोंबडी. गादो-गादो आणि पेचेल चालतील, फक्त 'तान्पा तेरासी, तान्पा उदांग, तान्पा तेलूर' असं तिन्ही सांगा, म्हणजे कोळंबीचा गोळा नको, कोळंबी नको, अंडं नको. फक्त 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर मांसाचे तुकडे बाजूला काढून तीच ताटली येते. चिनी वस्तीत बौद्ध शाकाहारी खानावळी मिळतात, तिथे काळजी सर्वांत कमी. वाटेत खायला विंगको बाबात घ्या, चिकट तांदळाच्या पिठाची आणि नारळाची भाजलेली वडी, तावांग स्टेशनाच्या आसपास गरम मिळते. आणि बाबांना 'गांजेल रेल' दाखवा, दालचिनी आणि तिळाचा घट्ट पाव. रुळाखालच्या स्लीपरसारखा दिसतो म्हणून त्याला रेल्वेचंच नाव पडलंय. अंडं घातलंय का ते दोन्हींबाबत दुकानात विचारून घ्या.

राहायला तुगू मुदा ते पेमुदा रस्ता हा पट्टा घ्या. कोटा लामा आणि लावांग सेवू दोन्ही जवळ, आणि भरतीच्या पाण्यापासून सुटका. शहरात ॲपवरची टॅक्सी पुरते. पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या दिवसांना मात्र ड्रायव्हरसह गाडी दिवसभरासाठी ठरवा, आणि दक्षिणेच्या दिवशी 'परत यायचं नाही, बोरोबुदुरला सोडायचं' हे आधीच स्पष्ट करा, नाहीतर परतीच्या भाड्यावरून वाद होतो.

एकूण क्रम असा बसतो: पोचल्याच्या संध्याकाळी कोटा लामा, दुसरा दिवस टेकडीपासून बंदरापर्यंत शहर, तिसऱ्या दिवशी सकाळी देमाक आणि कुदुस, चौथ्या दिवशी सामान घेऊन गेदोंग सोंगो, अंबारावा आणि मुक्काम बोरोबुदुरला. तो चौथा दिवस शनिवार किंवा रविवार येईल अशी तारीख धरता आली तर तुंतांगची गाडी बाबांना मिळेल. जकार्ताची तिकिटं काढायच्या आधी तारखा इथे लिहा, त्याप्रमाणे दिवस पुढे-मागे करून सुचवतो.